आधी कंगवा, मग केनेल

गौरी-गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीतल्या कितीतरी घरांत एक प्रश्न दरवर्षी उभा राहतो. कोकणात जाणाऱ्या गाडीचं तिकीट हातात असतं, गावच्या घरी गणपती बसायचा असतो आणि घरातल्या कुत्र्याचं काय करायचं ते मात्र ठरलेलं नसतं. शेजारी एखादा दिवस सांभाळतात, आठवडाभर कोण सांभाळणार? दिवाळीच्या सुट्टीत आणि मे महिन्यात पुन्हा तीच धावाधाव. दुसरा प्रश्न बारमाही आहे. शिह त्झू, ल्हासा, गोल्डन रिट्रीव्हर अशा केसाळ जाती उपनगरांतल्या फ्लॅटमध्ये रुळल्या, पण रोज अर्धा तास त्यांचे केस विंचरायला दोघं नोकरी करणाऱ्या घरात कोणाला सवड नसते.

कुत्र्यांत रमणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या किंवा मुलाच्या नजरेत हे भरतं. मग ही मुलं घरात सांगतात, 'मला ग्रूमिंगचा आणि केनेलचा धंदा करायचाय.' ही कल्पना हसण्यावारी नेण्यासारखी नाही. गरज खरी आहे, पैसे द्यायला लोक तयार आहेत. फक्त हे दोन वेगळे धंदे आहेत, हे आधीच नीट समजून घ्यायला हवं. ग्रूमिंग हातातल्या कौशल्यावर चालतं आणि ते कौशल्य सोळाव्या वर्षी शिकता येतं. केनेलला, म्हणजे परगावी गेलेल्यांचे कुत्रे ठेवून घ्यायच्या धंद्याला, जागा लागते, रात्रंदिवस माणूस लागतो, आजारांची जाण लागते आणि कायद्यासमोर उभं राहील असं सज्ञान नाव लागतं. दोन्ही एकदम सुरू करायला गेलं तर केनेलच्या कटकटींपायी ग्रूमिंगही हातचं जातं.

वयाचं आधी पाहू. २०१८ साली घाटकोपरच्या गरोडिया इंटरनॅशनल शाळेत शिकणाऱ्या तिलक मेहताने 'पेपर्स एन पार्सल्स' ही कुरिअर सेवा सुरू केली, तेव्हा तो जेमतेम तेरा वर्षांचा होता. मुंबईतल्या मुंबईत त्याच दिवशी पार्सल पोचवायचं आणि त्यासाठी डबेवाल्यांचं जाळं वापरायचं, ही त्याची कल्पना. पण कंपनीचा कारभार पाहायला नात्यातले घनश्याम पारेख बँकेतली नोकरी सोडून आले. तिलकची बातमी वाचणाऱ्या मुलांनी या दुसऱ्या माणसाकडे जास्त लक्ष द्यावं असं मला वाटतं, कारण त्याच्यावाचून पुढचं पाऊल पडत नाही.

१८७२च्या भारतीय करार कायद्यानुसार अठरा पूर्ण न झालेल्याला करार करता येत नाही. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष हा खटला आला होता. धर्मोदासने अज्ञान असताना मालमत्ता गहाण ठेवून कर्ज काढलं होतं. तो करार मुळातच रद्दबातल ठरला आणि सावकाराला पैसेही परत मिळाले नाहीत. वरवर पाहता यात मुलाचा फायदा दिसतो. प्रत्यक्षात याचा अर्थ असा, की भाडेकरार असो, कर्ज असो किंवा ग्राहकाकडून भरून घेतलेला संमतीचा कागद असो, मुलाच्या एकट्याच्या सहीवर कोणी भरवसा ठेवणार नाही. सातबाऱ्यावर अज्ञान वारसाच्या नावापुढे 'अ.पा.क.' म्हणून मोठ्या माणसाचं नाव लागतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. व्यवसाय आईच्या किंवा वडिलांच्या नावावर काढावा, गुमास्ता त्यांच्याच नावाने करावा. घरात आधीच भागीदारी पेढी असेल तर १९३२च्या भागीदारी कायद्याने अज्ञान मुलाला सगळ्या भागीदारांच्या संमतीने नफ्यापुरतं सामील करून घेता येतं. बँकेत मात्र दहा वर्षांवरचं मूल स्वतः चालवायचं बचत खातं उघडू शकतं, आणि ते पहिल्याच महिन्यात उघडावं. आयकरात एक बारीक तरतूद आहे. अज्ञान मुलाचं उत्पन्न एरवी आईवडिलांच्या उत्पन्नात धरलं जातं, पण स्वतःच्या अंगमेहनतीतून किंवा कौशल्यातून झालेली कमाई त्यातून वगळलेली आहे. म्हणजे कंगवा कोणाच्या हातात होता, याला कर भरतानाही अर्थ आहे. तेव्हा कोणत्या कामाचे पैसे कोणाला मिळाले याची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी.

आता मुख्य काम. ग्रूमिंग म्हणजे आंघोळ आणि पावडर, असा बहुतेकांचा समज असतो. खरं तर ते त्वचा, केस, नखं आणि कान यांची निगा राखणं आहे, आणि त्याची सुरुवात केसांची जात ओळखण्यापासून होते. शिह त्झू, माल्टीज, पूडल यांचे केस माणसासारखे वाढतच राहतात. ते कापावे लागतात, नाहीतर गुंततात. लॅब्रॅडॉर, गोल्डन, हस्की, आपल्याकडचा स्पिट्झ यांच्या अंगावर दोन थर असतात: वर राठ केस आणि खाली मऊ लव. मे महिन्यात ग्राहक येतो आणि म्हणतो, 'उकडतंय बिचाऱ्याला, सगळे केस उडवून टाका.' इथे ग्रूमरने नाही म्हणायला शिकलं पाहिजे. वरचा थर ऊन अडवतो. तो मुळापासून काढला तर कातडी उन्हाला उघडी पडते आणि केस परत येताना कधी ठिपक्याठिपक्यांनी येतात, कधी महिनोन्महिने येतच नाहीत. अशा कुत्र्याला थंडावा द्यायचा तर आतली सुटलेली लव ब्रशने काढून टाकावी, म्हणजे हवा खेळते. कारवानी कुत्र्यांच्या अंगावर मात्र आखूड, बसलेले केस असतात. कोल्हापूर-सांगलीकडचा असा कुत्रा उपनगरात आलाच, तर त्याला रबरी ब्रश आणि ओलं फडकं पुरतं. त्याच्या मालकाला महागडं पॅकेज विकू नये.

केसांचा गुंता सोडवणं हे या कामातलं सगळ्यात नाजूक काम. तो कानामागे, काखेत, पट्ट्याखाली आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला आधी होतो, कारण तिथे घासलं जातं. नवशिके कुत्र्याला आधी आंघोळ घालतात आणि तिथेच चुकतात. पाणी लागलं की गुंता आवळतो आणि वाळल्यावर नमद्यासारखा घट्ट होतो. आधी विंचरायचं, मग आंघोळ. गाठ दिसली की दोन बोटांनी ती कातडीलगत धरायची, म्हणजे ओढ बोटांवर येते, कातडीवर येत नाही. मग टोकाकडून थोडी थोडी मोकळी करत मुळाकडे जायचं. थोडं कॉर्नफ्लॉवर चोळलं तर केस सुटायला मदत होते. कात्री घालायची नाही, कारण गुंत्याबरोबर कातडीची घडी वर ओढली गेलेली असते आणि ती केसांत दिसत नाही. कात्रीने गाठ आणि कातडी एकदमच कापली जाते आणि टाके घालायला डॉक्टरकडे पळावं लागतं. गाठ सुटण्यासारखी नसेल तर केस कापायच्या यंत्राचं, म्हणजे क्लिपरचं, दहा नंबरचं ब्लेड कातडीला समांतर धरून ती खालून उतरवून घ्यायची. क्लिपरचं ब्लेड चालून चालून तापतं, म्हणून दर काही मिनिटांनी ते मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायचं. आपल्याला चटका बसला तर पोटाच्या पातळ कातडीचं काय होईल? अंगभर गुंता झालेला कुत्रा आला तर मालकाला आधी सांगून, त्याची लेखी संमती घेऊनच सगळे केस उतरवावेत. गुंत्याखाली काय निघेल ते सांगता येत नाही. पावसाळ्यात कधी गोचिडांची रांग निघते, कधी ओली जखम आणि तिच्यात अळ्या. तिथे आपलं काम थांबलं आणि डॉक्टरचं सुरू झालं.

नखांचंही तसंच. नखाच्या आत रक्तवाहिनी असलेला कोवळा भाग असतो. पांढऱ्या नखात तो गुलाबी दिसतो, काळ्या नखात दिसतच नाही. काळं नख एका झटक्यात कापू नये. पातळ चकत्या काढत जावं आणि कापलेल्या भागाच्या मधोमध गडद ठिपका दिसला की थांबावं. रक्त आलंच तर रक्त थांबवणारी पावडर दाबून धरावी, ती नसेल तर कॉर्नफ्लॉवर. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचं, जमिनीला न टेकणारं नख बहुतेक मालक विसरलेले असतात. ते झिजत नाही, गोल वळतं आणि कधी मांसात शिरतं. मालकाला जवळ बोलावून ते दाखवावं.

मुंबईची हवा इथे मोठा फरक पाडते. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास फक्त पावलांच्या गाद्यांना. बाकी अंगातली उष्णता तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवतो. जिभेवरचं पाणी हवेत उडून जातं म्हणून त्याला थंड वाटतं. हवाच दमट असली तर ते उडत नाही आणि धापा टाकूनही उपयोग होत नाही. म्हणूनच कुत्र्याला पिंजऱ्यात ठेवून गरम हवेचा ड्रायर सोडून देणं ही या धंद्यातली जीवघेणी चूक आहे. पग, बुलडॉग, शिह त्झू यांची नाकं चपटी असतात, त्यांचा दम आणखी लवकर संपतो. गरम नसलेल्या हवेचा ब्लोअर वापरावा, तोंडावर मारू नये आणि कुत्र्याला टेबलावर एकटं सोडून फोन घ्यायलाही जाऊ नये, कारण उडी मारली तर टेबलाला बांधलेल्या गळ्यातल्या फासाने तो लटकू शकतो. पण अंग अर्धवट ओलं ठेवूनही चालत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ओलसर राहिलेल्या कानात आणि बोटांच्या बेचक्यांत बुरशी धरते, खाज सुटते, वास येतो. कॉकर स्पॅनियलसारख्या लोंबत्या कानांच्या कुत्र्याला आंघोळ घालताना कानात कापूस ठेवायचा आणि नंतर आठवणीने काढायचा. माणसाचा शाम्पू कुत्र्याला वापरू नये. माणसाची त्वचा आम्लधर्मी असते, कुत्र्याची उदासीनतेकडे झुकणारी.

हे सगळं पुस्तकातून किंवा व्हिडिओ पाहून निम्मंच येतं. एखाद्या चांगल्या पेट पार्लरमध्ये दोन सुट्ट्या मदतनीस म्हणून काढाव्यात, पहिले महिने फक्त धरणं, विंचरणं आणि वाळवणं करावं. तिथे शिकायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे कुत्रा काय सांगतोय ते वाचणं. चावण्याआधी कुत्रा पुष्कळ बोलतो. तो ओठ चाटतो, अवेळी जांभई देतो, मान वळवून डोळ्याच्या कडेने बघतो तेव्हा बुबुळाशेजारचा पांढरा भाग दिसतो, शेपूट पोटाखाली घेतो आणि मग एकदम ताठरतो. गुरगुरला म्हणून त्याच्यावर ओरडू नये. गुरगुरणं ही सूचना असते. ती दाबली तर पुढच्या वेळी तो सूचना न देता चावेल. शांत करायला झोपेचं औषध ग्रूमरने कधीही देऊ नये, तो अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा आहे.

चावा हा या कामाचा भाग आहे, आणि घरच्यांनी एवढी एक अट घालावीच: रेबीजची प्रतिबंधक लस घेतल्याशिवाय पहिल्या कुत्र्याला हात लावायचा नाही. पहिला डोस, सातव्या दिवशी दुसरा, एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी तिसरा. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. लक्षणं दिसू लागली की हा आजार बरा होत नाही. चावा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, आधी लस घेतली असली तरी. पालिकेच्या रुग्णालयांत ही लस मिळते. हळद, चुना, मिरचीपूड यांतलं काहीही जखमेला लावायचं नाही. पावसाळ्यात लेप्टोचाही धोका असतो. तो कुत्र्याच्या लघवीतूनही येऊ शकतो, म्हणून हातमोजे आणि बूट घालूनच काम करावं.

दुकान कुठे काढायचं? माझं मत असं, की पहिली दोन वर्षं कुठेच काढू नये. अंधेरीत किंवा बोरिवलीत गाळ्याचं भाडं भरायचं तर रोज कुत्रे आलेच पाहिजेत, आणि रोज कुत्रे यायचे तर कॉलेज सुटतं. ग्राहकाच्या घरी जाऊन काम करणं या वयाला आणि या शहराला जास्त सोयीचं आहे. कुत्रा स्वतःच्या घरात कमी घाबरतो, मालक समोर असतो, पाणी आणि मोरी त्यांची. एका बॅगेत क्लिपर, दोन-तीन ब्लेडं, स्लिकर ब्रश, लोखंडी कंगवा, नखं कापायचं यंत्र, टॉवेल आणि मोरीच्या जाळीवर ठेवायला आणखी एक बारीक जाळी मावते. ही शेवटची वस्तू विसरू नये. केसांनी तुंबलेली मोरी मालक वर्षभर विसरत नाही. कामाचा परिसर मात्र आखून घ्यावा. मुलुंड पश्चिमेला राहणाऱ्याने पश्चिमेचंच काम घ्यावं. ब्लोअरची बॅग घेऊन पूल ओलांडत पूर्वेला जाण्यात रविवारची दुपार निघून जाते. आणि सोळा-सतराच्या मुलीने किंवा मुलाने अनोळखी घरी एकट्याने जाऊ नये, सोबत घरचं कोणी तरी हवंच.

दर ठरवताना वेळेचा हिशोब करावा. समजा, एका शिह त्झूला विंचरणं, आंघोळ, वाळवणं, कापणं, नखं आणि कान मिळून अडीच तास लागले आणि जाण्यायेण्यात एक तास गेला. म्हणजे एका कुत्र्याला साडेतीन तास. ब्लेडला धार लावणं, शाम्पू, रिक्षा हे खर्च वजा करून जे उरतं त्याला साडेतीनने भागावं. तो आकडा पाहिला की शेजारच्या पार्लरपेक्षा निम्म्या दरात काम करायची हौस बहुधा फिटते. गुंता झालेल्या कुत्र्याचे जास्त पैसे घ्यावेत आणि ते काम सुरू करायच्या आधी सांगावेत. दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात. तेव्हा काम बंद, हे ग्राहकाला डिसेंबरातच कळवावं. नेमकी पुढे एप्रिल-मेची सुट्टी मोकळी मिळते.

राहिला केनेलचा मुद्दा. गणपतीत चार घरांनी विचारलं, की घरीच चार कुत्रे ठेवून घ्यायचा मोह होतो. टू बीएचकेमध्ये एकमेकांना अनोळखी चार कुत्रे म्हणजे भांडण ठरलेलं. शिवाय आवाज. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे. कुत्र्याचं भुंकणं सहज नव्वदच्या वर जातं आणि एक भुंकला की चारही भुंकतात. सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली स्पष्ट केलं आहे, पण ते घरच्या कुत्र्याबद्दल आहे. घरात चालवलेल्या धंद्याला ती ढाल पुरत नाही.

त्याहून अवघड गोष्ट म्हणजे संसर्ग. पार्व्होचा विषाणू कोरड्या फरशीवर, पिंजऱ्याच्या गजांवर, बुटाच्या तळव्याला लागून महिनोन्महिने टिकतो. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत सहसा तीन ते सात दिवस जातात, म्हणजे ठेवायला आणलेलं पिल्लू पहिल्या दिवशी ठणठणीत दिसतं. आपल्याकडे सगळीकडे फिनाइल मारायची सवय आहे, पण फिनाइलने हा विषाणू मरेलच याचा भरवसा नाही. त्याला ब्लीच लागतं: एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, दहा मिनिटं तसंच ठेवून मग धुवायचं. आणि आधी घाण पूर्ण काढल्याशिवाय ब्लीचही काम करत नाही. म्हणून केनेलमध्ये कुत्रा घेताना लसीची वही पाहणं हा औपचारिकपणा नाही. सगळे डोस झालेले, शेवटच्या डोसाला किमान दोन आठवडे उलटलेले, रेबीजची लस चालू, हे नसेल तर ओळखीच्या माणसालाही नाही म्हणायचं.

कुत्रा एकदा ताब्यात घेतला की कायद्याने त्याची काळजी शहाण्या माणसाने स्वतःच्या वस्तूची घ्यावी तेवढी घ्यावीच लागते. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार अपुऱ्या पिंजऱ्यात कोंडणं आणि आखूड साखळीने ताटकळत बांधून ठेवणं हे गुन्हे आहेत. पिल्लं काढून विकायचा विचार असेल तर तो आणखी निराळा व्यवसाय. त्यासाठी २०१७चे श्वान पैदास नियम आहेत आणि राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. शिकाऊ वयात त्या वाटेला मुळीच जाऊ नये. मादी दर हंगामाला व्यायली तर खंगते, आणि हे नफ्याच्या वहीत कुठेच दिसत नाही.

उपनगरांतले लोक म्हणून मग जागा शोधतात ती वसई-विरार, मढ किंवा कर्जतकडे. काहींची नजर बोरिवली पूर्व किंवा मुलुंड कॉलनीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी जाते. तिथे शेजारी कमी असतात, पण बिबटे असतात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा मोठा वाटा आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने इथले सुमारे ३५ बिबटे वर्षाला दीड हजारांच्या आसपास भटकी कुत्री खातात आणि त्यामुळे माणसांना होणारे सुमारे हजार चावे टळतात, असा अंदाज मांडला होता. अशा ठिकाणी केनेल काढायचं तर वरूनही बंद असलेली, मजबूत जाळीची खोली हवी, संध्याकाळनंतर एकही कुत्रा उघड्यावर नको, उरलेलं खाणं त्याच दिवशी उचललेलं हवं आणि रात्री आवारात मोठं माणूस राहायला हवं. दिवाळीत तर तिथेही फटाक्यांचा आवाज पोचतो. घाबरलेला कुत्रा चार फुटांचं कुंपण सहज ओलांडतो, म्हणून पट्ट्यावर मालकाचा फोन नंबर असल्याशिवाय दिवाळीचं बुकिंग घेऊ नये. सही, भाडेकरार, रात्रपाळीचा पगार आणि जवळच्या पशुवैद्यकाशी आगाऊ ठरवलेली व्यवस्था या चार गोष्टी अठरा पूर्ण झाल्यावर जमवता येतात. तोवर दर शनिवार-रविवारी विंचरलेल्या कुत्र्यांच्या घरांची ओळख झालेली असते, आणि केनेलचे पहिले ग्राहक त्याच घरांतून येतात.